अबू यूसुफच्या बंदुकीचा दस्ता

शस्त्र आणि ते धरणारा हात यांचं नातं पवित्र असतं. जगातल्या यच्चयावत शूर जमातींचं या एका मुद्द्यावर एकमत आहे. मार्चमधल्या एका सोमवारी दुपारी सव्वा वाजता, कुवेतच्या हवल्ली भागातल्या एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत असंच एक शस्त्र दोन वरच्या कवळ्या, एक खालची कवळी आणि अर्धा ग्लास चहा यांच्या मधोमध आडवं पडलं होतं, आणि त्याला हात लावायला कुणीही तयार नव्हतं.

"पकडो, पकडो. काटेगा नहीं," दवाखान्याचा मालक अबू यूसुफ म्हणाला.

"ये नहीं काटेगा, पुलीस काटेगा," दिनकर खळदकर म्हणाला. त्याने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून ठेवले होते.

"लायसन्स है."

"किधर है?"

"घर में है," अबू यूसुफ म्हणाला. लायसन्स घरी आणि बंदूक इथे, यात त्याला काहीच खटकलं नाही. त्याचे वडील बगला नावाच्या गलबतातून मुंबईला खजूर न्यायचे, म्हणून त्याला हिंदी येत असे. ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर संपत असे, पण कामापुरती पुरायची.

दिनकर मूळचा सासवडचा. हुद्द्याने डेंटल मेकॅनिक. म्हणजे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन आत पाठवायचा आणि दिनकर त्यावरून कवळी करायचा. सहा वर्षांत त्याने कुवेतमधल्या दोनेक हजार माणसांची चावण्याची सोय केली होती. स्वतःची सोय मात्र होत नव्हती. कारण कुवेतमध्ये माणूस ज्याच्या कागदांवर येतो त्याचा असतो. त्याला कफील म्हणतात. कफीलने सोडचिठ्ठी दिल्याखेरीज दुसरीकडे रुजू होता येत नाही. दिनकरला सरकारी इस्पितळात जागा मिळाली होती, तिथे बायको-मुलीला आणायची परवानगी होती आणि राहायला दोन खोल्या होत्या. रुजू होण्याची शेवटची तारीख एकतीस मार्च. सोडचिठ्ठीचा कागद जानेवारीपासून सहीविना अबू यूसुफच्या ड्रॉवरमध्ये होता. दिनकरने विचारलं की तो म्हणायचा, "बुक्रा." बुक्रा म्हणजे उद्या. असे छप्पन्न उद्या दिनकरने कॅलेंडरवर खोडले होते.

"शूफ, देखो," अबू यूसुफने बंदुकीशेजारी कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. "तुम क्या बनाता? दाँत. किससे? प्लास्टिक से. ये भी प्लास्टिक."

कागद सोडला तर आतून बंदुकीचा दस्ता निघाला. काळाकुट्ट, नायलॉनचा, ग्रीस माखलेला. कुठल्याशा सैन्याने नको झालेला माल विकायला काढला होता, त्यातला हा अबू यूसुफने उन्हाळ्यात लंडनहून आणला होता. बंदुकीचा मूळचा लाकडी दस्ता गेल्या हिवाळ्यात वाळवंटातल्या तंबूवर जीपखाली सापडून फुटला. नवा दस्ता ज्या बंदुकीसाठी ओतला होता ती आणि ही, दोघी चुलत बहिणी. पण चुलत बहिणींच्या चपलांचे नंबर एक नसतात. दस्ता डावीकडे बसायचा आणि उजवीकडे काडेपेटीची काडी जाईल एवढी फट राहायची.

"बंदूकवाले के पास क्यों नहीं जाता?"

अबू यूसुफने तोंड कडू केलं. "बंदूकवाला मेरा साला है."

साल्यांच्या बाबतीत सासवडचाही अनुभव वेगळा नव्हता.

"गुरुवार को मैं तंबू पे जाता," अबू यूसुफ म्हणाला. "तुम ये फिट करो. शनिवार को मैं सही करता. वल्लाह."

छप्पन्न दिवसांत पहिल्यांदा त्याने वाराचं नाव घेतलं होतं. दिनकरने खिशातून हात काढले.

दुपारी एक ते चार सगळी हवल्ली झोपायची. दवाखाना, दुकानं, फुटपाथवरची मांजरंसुद्धा. दिनकर बंदुकीवर एप्रन टाकून, खोलीला कुलूप लावून, कुलूप तीनदा ओढून बघून घरी गेला. घर म्हणजे मागच्या गल्लीतली एक खोली. त्यात तो आणि हर्णैचा महबूब राहत. महबूब कापडाच्या दुकानात होता. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता, म्हणून त्या इमारतीत त्याला मान होता.

"वयनीची टेप आलीय," महबूब म्हणाला. "माज्या गाववाल्यानं आणली. मी नाय ऐकली. निसतं 'हॅलो' ऐकलं नि बंद केली."

दिनकरने बटण दाबलं.

"हॅलो. हॅलो. फिरतंय का हो हे? … अहो, मी शामला बोलतेय." जणू दिनकरला आणखी चारपाच बायका टेप पाठवत होत्या. "आम्ही सगळी बरी आहोत. बेबीचा शाळेतून दाखला काढून आणला. तुम्हीच मागच्या टेपात म्हणालात ना, मार्चअखेर कागद होतील म्हणून. बाई म्हणाल्या, एकदा नाव कमी झालं की ह्या वर्षी परत घेता यायचं नाही, नीट विचार करा. मी म्हटलं, केलाय. आता ती घरीच असते. गल्लीभर सांगत फिरते, आम्ही विमानानं जाणार. परवा वन्सं म्हणाल्या, कुठंय बघू तुझं विमानाचं तिकीट? तर पोरीनं जेजुरीच्या यष्टीचं दाखवलं." इथे टेप थोडा वेळ नुसताच फिरला. मागे कुणीतरी भांडं आपटलं. "मी रागवत नाहीये. नुसतं विचारतेय. होणारे का नाही, ते एका वाक्यात सांगा. तुमच्या टेपात हवामानच फार असतं."

महबूबने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत होती.

"काय सांगनार?" त्याने विचारलं.

"शनिवारी सांगतो," दिनकर म्हणाला. मग टेप काढत, "महबूब, तुला बंदुकीतलं काय कळतं?"

"माजा मामू रानडुकरं मारायचा. का?"

मंगळवारी दुपारी दोघं लॅबमध्ये गेले. महबूबने एप्रन उचललं, बघितलं आणि परत झाकलं.

"दिनकरभाव, मामूची ठासणीची व्हती. एक बार काडला की पुन्ना भरेस्तवर डुक्कर घरी जाऊन जेवून यायचं. ही तशी नाय. हिचा चाप दाबलास की एक गोळी जाते नि दुसरी आपली आपन वर चडते."

"आहे का आत?"

महबूबने बंदूक उचलून, नळी भिंतीकडे करून, खटका मागे ओढला, बोट घालून चाचपलं. "नाय. रिकामी हाय. पन तू समोर नको ऱ्हाऊस."

दिनकर समोर नव्हताच. तो दाराशी होता आणि फटीतून रस्ता बघत होता. परदेशी माणूस, बंद दवाखाना, समोर बंदूक. पोलिसाला यातून काय गोष्ट रचायची ते शिकवावं लागलं नसतं. रस्त्यावर एक गाडी थांबली. दिनकरने दिवा घालवला. गाडीतून एक बाई उतरली, तिने समोरच्या कचऱ्याच्या डब्यात पिशवी टाकली आणि ती गेली. दिनकरने दिवा लावला. त्या दुपारी तो दिवा अकरा वेळा गेला आणि आला.

पण एकदा दस्ता हातात घेतल्यावर त्याला बरं वाटलं. काम ओळखीचं निघालं. बार उडाला की बंदूक मागे येते आणि सगळा धक्का दस्त्यावर बसतो. दस्ता एकाच कोपऱ्याला टेकला असेल तर तो कोपरा फुटतो. कवळीचंही तेच. चावा सगळीकडे सारखा बसायला हवा, एकाच दाढेवर भार आला की कवळी दुभंगते. दिनकरने ड्रॉवरमधून निळा कागद काढला. हा कागद पेशंटला चावायला देतात. जिथे दात उंच लागतो तिथे निळा ठिपका उमटतो आणि तेवढंच घासायचं असतं. त्याने कागद सांध्यात घातला, दस्ता बसवला, मागून तळव्याने ठोकला, काढला. खालच्या कोपऱ्यात ठिपका. घासला. पुन्हा बसवला, ठोकला, काढला.

"चावून दाखव म्हनावं तिला," महबूब म्हणाला.

"चावतेच आहे. उजवीकडे."

नायलॉन घासणं हा एक वेगळाच छळ होता. ते भुगा होऊन पडत नाही. त्याचे केस निघतात आणि कानशीला चिकटून बसतात. बुधवारी दुपारी दोनपर्यंत, चाळीस-पन्नास ठोक्यांनंतर निळा रंग सगळीकडे सारखा उमटला. एक उजवी बाजू सोडून. तिथली फट घासून जाणारी नव्हती, ती भरायची होती.

भरायला लॅबमध्ये एकच वस्तू होती. कवळीचं अॅक्रिलिक, पावडर आणि पातळ औषध, कालवून ओतलं की दगड होतं. नायलॉनला ते चिकटत नाही, हे दिनकरला माहीत होतं. म्हणून त्याने फटीच्या आत तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असे बारीक खळगे पाडले. एकदा मसाला त्यांत जाऊन आवळला की सुटायचा नाही. लोखंडाला व्हॅसलीन लावलं, तिथे चिकटायला नको. आतापर्यंत सगळं शास्त्राला धरून चाललं होतं. अडचण रंगाची होती. कवळीचं अॅक्रिलिक गुलाबी असतं. त्यात खऱ्या हिरडीतल्या शिरांसारखे लाल धागे असतात. काळ्या हिरड्यांची ऑर्डर दवाखान्याला आजवर आली नव्हती, त्यामुळे काळा डबा नव्हता. दिनकरने पावडरीत काजळी मिसळून बघितली. ते मिश्रण तासभर चिकट राहिलं आणि त्याच्या अंगठ्यावर मात्र घट्ट वाळलं. साडेतीन वाजले. चारला दवाखाना उघडणार होता.

"गुलाबीच भरतो," तो म्हणाला. "वर काळं पॉलिश मारू."

मसाल्याचा उग्र वास खोलीभर पसरला. महबूबने नाकाला रुमाल लावला. दिनकरने मसाला भरला, बोटाने दाबला, वाळल्यावर कड साफ केली, प्युमिसच्या भुकटीने घासली, कापडाच्या चाकावर धरून चमकवली. हे करताना तो शामलाला काय सांगायचं त्याचा विचार करत होता. हात आपापले चालले होते. सहा वर्षं एकच काम केलेल्या हातांना मालकाच्या डोक्याची गरज लागत नाही.

"दिनकरभाव," महबूबने रुमाल काढला. "ह्ये काय केलंस?"

दिनकरने बघितलं. सांध्याची कड त्याने सरळ कापली नव्हती. प्रत्येक दाताच्या मुळाशी हिरडी जशी कमान घेते तशा सहा कमानी काढल्या होत्या. कमानींच्या मध्ये टोकदार उंचवटे. त्यांवर ब्रशने बारीक ठिपके उठवले होते, निरोगी हिरडीवर असतात तसे. सैन्याच्या काळ्या दस्त्याच्या टोकाला एक सुरेख, ओलसर दिसणारी, गुलाबी हिरडी चमकत होती. फक्त दात उगवायचे बाकी होते.

महबूब खुर्चीवर बसला. मग खुर्चीवरून खाली बसला.

"हसू नकोस," दिनकर म्हणाला.

"मी हसत नाय. ह्येला… ह्येला ब्रश कोन करनार?"

चार वाजायला सात मिनिटं होती. कमानी काढून टाकायला वेळ नव्हता. दिनकरने स्वतःच्या बुटांचं पॉलिश आणून तीन हात दिले. हिरडी दिसेनाशी झाली. गुरुवारी सकाळी अबू यूसुफ आला, त्याने दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, डोळा मिटला, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या कुणाच्यातरी पायजम्यावर नेम धरला. दस्ता हलला नाही.

"माशाल्ला," तो म्हणाला. बंदूक चादरीत गुंडाळून गेला.

शुक्रवार सुट्टीचा. दिनकरने सकाळी खोली झाडली, दुपारी पुन्हा झाडली. टेपरेकॉर्डरसमोर बसून "शामला, मी बोलतोय" एवढं म्हणाला आणि बंद केला. मग समुद्रापर्यंत चालत गेला, समुद्र बघितला, परत आला.

"बस रे जरा," महबूब म्हणाला. "तुला बगून माजेच पाय दुखाया लागले."

"ऊन किती आहे बघ."

"मग?"

"पॉलिश मेणाचं असतं."

महबूबने उन्हाकडे बघितलं. मग पाण्याचा ग्लास दिनकरपुढे सरकवला. मित्र म्हणून त्याला ते शोभलं.

शनिवारी अकरा वाजता अबू यूसुफ आला. पायघोळ पांढऱ्या दिशदाशाच्या उजव्या खांद्यावर काळा पट्टा, उजव्या गालावर काळा डाग, धुऊनही राहिलेला. त्याने चादर उलगडून बंदूक टेबलावर ठेवली. हिरडी उघडी पडली होती. लाल धागे स्पष्ट दिसत होते.

"ये क्या है?"

दिनकरने सांगितलं. रंग, डबा, काजळी, वेळ. अबू यूसुफने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मेरा साला देखा," तो म्हणाला. "पहले चुप बैठा. फिर रेत पे लेट गया. बोला, अबू यूसुफ, तेरा बंदूक खाना भी खाता? सब लोग हँसा. मेरा बेटा हँसा. बावर्ची हँसा!"

दिनकरला तीस तारखेनंतरची एकतीस तारीख दिसली आणि तिच्यानंतरची कुठलीच दिसेना.

"फिर डब्बा लगाया," अबू यूसुफ म्हणाला. "दूध का डब्बा, दूर. साला छे गोली मारा, दो डब्बा गिरा. मैं छे मारा." त्याने सहा बोटं वर केली. "छे गिरा. हिलता नहीं ये! पत्थर! फिर कोई नहीं हँसा. साला पूछता, किसने बनाया. मैं नहीं बोला." तो पुढे वाकला. "बाकी पॉलिश निकालो. पूरा गुलाबी रखो. मेरा चाचा का लड़का तीन है, तीनों को गुलाबी माँगता."

"और सही?"

"कौन सा सही?"

"रिलीज. आज शनिवार है."

अबू यूसुफ दिनकरकडे बघतच राहिला. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं.

"दिनकर, तुम काम खराब करता तो मैं आज सही करता. निकल जाओ बोलता. ऐसा काम करता, अभी कैसे छोड़ेगा? मैं पागल है?" त्याने दिनकरचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. हा मोठा मान होता. मग ड्रॉवर उघडून सोडचिठ्ठीचा कागद तिथेच असल्याची खात्री केली आणि ड्रॉवर बंद केला.

त्या दिवशी दिनकरने एका निवृत्त कस्टम अधिकाऱ्याची खालची कवळी इतकी घासली की तिच्यातून पलीकडचं दिसू लागलं. सहा वर्षांत असं झालं नव्हतं. पुढचे दोन आठवडे त्याने तीन चुलतभावांच्या तीन बंदुकांचे सांधे भरले. गुलाबी, कमानीसकट. रोज विचारलं. रोज बुक्रा. शामलाला टेप पाठवला नाही, कारण एका वाक्यात सांगण्यासारखं जे होतं ते त्याला सांगायचं नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला तो मुस्तफाकडे गेला. मुस्तफा इजिप्शियन. दहाबारा दवाखान्यांचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांतून फिरणं हा त्याचा धंदा. कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर तो सापडायचा. दिनकरने मोडक्यातोडक्या अरबीत सगळं सांगितलं. बंदुकीचं सोडून.

"सहीशिवाय काही मार्ग?" त्याने विचारलं.

"कफीलची सही हवीच," मुस्तफा म्हणाला. "पासपोर्ट बघू."

त्याने राहण्याच्या परवान्याचा शिक्का असलेलं पान काढलं आणि चहा खाली ठेवला.

"तुझा कफील कोण म्हणालास?"

"अबू यूसुफ."

"हे वाच."

"मला वाचता येत नाही." दिनकरला अरबी बोलता यायचं थोडं. अक्षर एकही नाही. दर वर्षी शिक्का उठायचा, दर वर्षी तो पासपोर्ट परत मिळाल्याच्या आनंदात मिटून ठेवायचा.

"इथे सईदा लिहिलंय," मुस्तफा म्हणाला. "त्याची आई. दवाखाना काढला तेव्हा तो सरकारी नोकरीत होता, म्हणून परवाना आईच्या नावावर घेतला. तुझी कफील ती. अबू यूसुफच्या सहीवर तुला या कचेरीत पाणीसुद्धा मिळणार नाही."

दिनकरने पासपोर्ट हातात घेतला आणि न वाचता येणाऱ्या ओळीकडे बराच वेळ बघितलं.

दुपारी अबू यूसुफची झोपेची वेळ साधून मुस्तफा दिनकरला त्याच्या घरी घेऊन गेला. बाजूच्या दाराने, बायकांच्या अंगणात. सईदा ऐंशीच्या घरातली. चटईवर बसून ती एका शेळीला हाताने खबूस रोटीचे तुकडे भरवत होती. मुस्तफाने सोडचिठ्ठीचा नवा कागद पुढे केला, काय आहे ते सांगितलं. तिने दिनकरला जवळ बसायला लावलं. तिची हिंदी मुलापेक्षा चांगली होती.

"हिंदुस्तानी है? मेरा आदमी बंबई जाता था. शादी किया?"

"जी."

"औरत किधर?"

"उधर. एक लड़की भी है. आठ साल की."

"कब से इधर?"

"छे साल."

सईदाने शेळीच्या तोंडाला लागलेला चुरा पुसला. मुस्तफाने शाईचं पॅड उघडलं. तिने अंगठा टेकवला, कागदावर उठवला, ओढणीच्या टोकाला पुसला. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं. त्याच कागदावर दिनकर तीस तारखेला सरकारी इस्पितळात रुजू झाला आणि मे महिन्यात शामला आणि बेबी कुवेतला उतरल्या, पण ते नंतर. आत्ता तो नुसता कागदाकडे बघत होता.

"किसी ने कभी पूछा नहीं," सईदा मुस्तफाला म्हणाली. मग दिनकरकडे वळली. "तुम हमारे इधर क्या काम करता?"

"दाँत बनाता, माँजी."

तिला हे फारच गमतीचं वाटलं. ती हसली, चांगली खदखदून, शेळी दचकून उठेपर्यंत. दवाखाना अकरा वर्षं तिच्या नावावर होता. तिच्या तोंडात एकही दात नव्हता.